पाककृती दोघांच्या मापाच्याही छापा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या शनिवारच्या पुरवणीत मॅचच्या दिवसासाठी म्हणून काही पाककृती आल्या होत्या. लोडेड नाचोज, चीज घातलेल्या बटाट्याच्या फोडी, पनीरचे रोल. फोटो बघून पोट भरलेल्यालाही भूक लागावी. प्रत्येक कृतीखाली बारीक अक्षरात एकच ओळ होती : ‘सहा ते आठ जणांसाठी’. पुढच्याच आठवड्यात वाचकांच्या पत्रांत एका गृहस्थांनी लिहिले, की हल्ली घरात माणसे दोन. दोघांसाठी एवढा घाट कोण घालतो, मॅच असेल त्या दिवशी बाहेरून मागवावे आणि मोकळे व्हावे. त्या गृहस्थांचे म्हणणे मला पटले नाही. पण त्यांना तसे वाटायला आपली ती बारीक ओळ कारण झाली, हेही खरे. आठ जणांची कृती दोघांनी वाचली की हात आपोआप फोनकडे जातो.

माझी मागणी एवढीच, की पाककृती छापताना दोघांचे मापही छापा. मागणी एका ओळीत आटोपली. ती का करतो आहे हे सांगायला मात्र थोडी जागा घेणार आहे. कात्री आपल्या हातात आहेच.

मी सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका पेढीवर दिवाणजी होतो. उभी हयात वजन, माप, तूट आणि घट लिहिण्यात गेली. आमच्या सौ. प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या. मुलगा पुण्यात, मुलगी बंगळुरूला. घरात आम्ही दोघेच. क्रिकेटचे वेड सौ.ना, मला खेळापेक्षा आकडे आवडतात. पेढीवरून मिळालेल्या एका लांब लाल खातेवहीत त्या प्रत्येक मॅचचा स्कोअर लिहितात, तोही षटकाचा बेरजेने नाही, चेंडूगणिक. डॉट बॉलला टिंब, चौकाराला चार, बाद झाला की फुली आणि पुढे कॅच कुणी घेतला त्याचे नाव. टीव्हीवर सगळे दिसते, मोबाइलवर सगळे मिळते, तरी वही पाहिजेच. अशा बाईला ‘जरा भजी तळ’ म्हणून सांगण्याची सोय नाही. तिसाव्या षटकात उठली तर वहीत भोक पडते. त्यामुळे मॅचच्या दिवशी स्वयंपाकघर माझ्याकडे असते आणि त्यात मला काही कमीपणा वाटत नाही.

आता मूळ मुद्दा. आठ जणांच्या कृतीला चारने भागायचे, त्यात काय एवढे, असे म्हणणाऱ्याने दोघांपुरता मिसळीचा कट कधी केलेला नसतो. आठ जणांच्या कटाला एक वाटी तेल लागते असे धरा. चारने भागले की पाव वाटी. नेहमीच्या मोठ्या कढईत पाव वाटी तेल ओतले तर तळ जेमतेम ओला होतो. मोहरी एका कडेला गोळा होते, निम्मी तडतडते, निम्मी कच्ची राहते. त्यात कांदा-लसूण मसाला पडला की तो करपलाच समजा, आणि करपलेल्या मसाल्याचा कडवटपणा गुळानेही जात नाही. म्हणून दोघांच्या कटाला आधी भांडे बदलावे लागते. आमच्याकडे दूध तापवायचे एक उभट, जाड बुडाचे पातेले आहे, तेच मी घेतो. उभट भांड्यात तेल खोल राहते, फोडणी बुडून होते, आणि शेवटी वर येणारी तर्री चांगली बोटभर दिसते. पसरट भांड्यात तेवढेच तेल गेले कुठे ते शोधावे लागते.

पाण्याचे उलट. बारा वाट्यांना चारने भागले की तीन, हे गणित वहीत बरोबर. पण वाफ भांड्याच्या तोंडावरून जाते, खाणारी माणसे मोजून जात नाही. तीन वाट्यांचा कट पंधरा-वीस मिनिटे उकळू दिला की वाढायच्या वेळी दोनच वाट्या उरतो, आणि कटाशिवाय मिसळ म्हणजे नुसती उसळ. दोघांना चार वाट्या पाणी घालावे, तेही कडकडीत गरम करून. गार पाणी घातले की तर्री बसते. ओली हळद शिजवून वाळवली की वजनाचा साधारण पाचवा हिस्सा हाती लागतो, आणि तोही दर वर्षी तेवढाच नसतो. घट त्रैराशिकात बसत नाही, हे यार्डातला पोऱ्याही सांगेल. पाककृती लिहिणाऱ्यांनाही ते ठाऊक असणार, फक्त त्यांनी लिहायला हवे.

वाटणाचीही तीच तऱ्हा. एक भाजलेला कांदा, दोन चमचे किसलेले सुके खोबरे, पाच-सहा लसूण पाकळ्या आणि बोटाच्या पेराएवढे आले, एवढा ऐवज मिक्सरच्या मोठ्या भांड्यात टाकला की तो पात्याच्या खाली जाऊन बसतो आणि पाते वरच्या वर हवेत फिरते. चटणीचे छोटे भांडे हवे, नाहीतर खलबत्ता. बाकी माप असे : मोड आलेली मटकी दीड वाटी, एक लहान बटाटा, दीड चमचा कांदा-लसूण मसाला, सुपारीएवढा गूळ, मीठ शेवटी. मीठ शेवटी अशासाठी की कट किती आटणार ते आधी सांगता येत नाही. मटकी म्हणाल तर कोरडी पाऊण वाटीही पुरते. मोड आल्यावर ती दुपटीच्या पुढे जाते आणि उरलेल्याची सोय पुढे सांगतो.

हे मी विस्ताराने लिहितो आहे, कारण पुरवणीत ‘तेल आवश्यकतेनुसार’ आणि ‘मीठ चवीनुसार’ असे छापून मोकळे होण्याची पद्धत पडली आहे. आयुष्यभर वीस माणसांचा स्वयंपाक केलेल्या बाईला ते कळते. नव्याने संसार थाटलेल्या जोडप्याला, एका खोलीत राहणाऱ्या दोन नोकरदार मुलींना, किंवा माझ्यासारख्या साठीनंतर गॅसपाशी उभ्या राहिलेल्या माणसाला ‘आवश्यकतेनुसार’ म्हणजे किती, हे कोण सांगणार?

माप जमले तरी वेळ जमवावी लागते. मॅचच्या दिवशीचा पदार्थ तळणीचा नसावा, हे माझे ठाम मत आहे. भजी, वडे, कटलेट हे सगळे चांगले, पण तळण म्हणजे एक माणूस कढईपाशी अडकला. आणि बहुतेक घरांत तो माणूस कोण असतो हे आपण जाणतोच. बाहेरच्या खोलीत ओरडा झाला की हातात झारा घेऊन ‘काय झालं, काय झालं’ विचारत दारात येणारी बाई मी लहानपणापासून अनेक घरांत पाहिली आहे. ती येईपर्यंत रिप्ले संपलेला असतो. वर एकावर एक थर रचून भरगच्च करायच्या पदार्थांचा खरा फायदा इथे आहे : त्यातले सगळे आधी करून ठेवता येते, आयत्या वेळी फक्त रचायचे. आपल्या पुरवणीतल्या नाचोजचाही तोच गुण होता, पण त्याबद्दल मजकुरात अवाक्षर नाही. त्याऐवजी ‘ओव्हन १८० अंशांवर तापवून घ्या’ असे होते. ओव्हन असलेली घरे सांगलीत आहेत, नाही असे नाही. पण तवा प्रत्येक घरात आहे.

आयपीएलचे उदाहरण घ्या. संध्याकाळची मॅच साडेसातला, टॉस सातला. टॉसच्या आधी गॅसवरचे काम संपलेले असावे. मग प्रत्येक डावात अडीच-अडीच मिनिटांचे दोन टाइमआउट असतात, आणि सव्वानऊच्या आसपास डाव संपतो. अडीच मिनिटांत काय होते? भडंग होतो. सांगली-जयसिंगपूरकडच्या माणसाला भडंग म्हणजे काय ते सांगायला नको. इतरांसाठी सांगतो, की त्याला नेहमीचे भेळेचे चुरमुरे चालत नाहीत, जाड, फुगीर, दाताखाली टिकणारे लागतात. दोघांना चार वाट्या पुरतात. दुपारीच दोन मोठे चमचे तेलात मूठभर शेंगदाणे खमंग करायचे, मग सालीसकट ठेचलेला लसूण आठ-दहा पाकळ्या. लसणाची साल कडक होऊन कडा तांबूस झाल्या की कढीपत्ता, मग गॅस बंद करून हळद आणि तिखट, आणि मगच चुरमुरे. गॅस चालू असताना तिखट टाकले तर ठसका बाहेरच्या खोलीपर्यंत जातो आणि वहीवाल्या बाईंकडून ऐकून घ्यावे लागते. मीठ आणि थोडी पिठीसाखर चुरमुऱ्यांवर भुरभुरायची. हे डब्यात भरून ठेवले की झाले. टाइमआउटची शिट्टी झाली की डब्यातला निम्मा भडंग परातीत ओतायचा, चिरून ठेवलेला कांदा, टोमॅटो, कोथिंबीर, वाटलेच तर कैरीचे तुकडे, अर्धे लिंबू, आणि हाताने कालवायचा. निम्माच का, तर ओला भडंग पाच मिनिटांत नरम पडतो. उरलेला निम्मा दुसऱ्या टाइमआउटला. सहा जणांच्या घरात हा प्रश्न येत नाही, तिथे परात तीन मिनिटांत रिकामी होते. दोघांच्या घरात येतो.

आता आपल्या नाचोजकडे वळतो. पदार्थाशी माझे वैर नाही. मुलीने मागे बंगळुरूहून आल्यावर करून घातले होते आणि मी ते आवडीने खाल्ले. तिनेच सांगितले, की १९४० च्या दशकात मेक्सिकोत, अमेरिकेच्या सीमेला लागून असलेल्या पिएद्रास नेग्रास या गावी इग्नासिओ अनाया नावाच्या माणसाने ते पहिल्यांदा केले. सीमेपलीकडून काही बायका अवेळी जेवायला आल्या, आचारी जागेवर नव्हता, तेव्हा त्याने स्वयंपाकघरातल्या टॉर्टियाचे (मक्याच्या पातळ पोळीचे) तुकडे, चीज आणि मिरची असे हाताला लागले ते एकत्र करून गरम करून दिले. इग्नासिओला तिकडे लाडाने नाचो म्हणतात, त्यावरून नाव पडले. म्हणजे मुळात हा पदार्थ थोड्या माणसांसाठी, हाताशी होते त्यातून, घाईत झालेला. तोच आपल्याकडे येताना दोन मोठी पाकिटे, डबाबंद राजमा आणि चारशे ग्रॅम चीज घेऊन आला. दोघांच्या घरात उघडलेले दुसरे पाकीट चौथ्या दिवशी सादळते आणि उरलेले चीज फ्रिजमध्ये पिवळे पडत बसते.

आम्ही त्याच धर्तीवर सोलापूरची कडक भाकरी वापरतो. पातळ, वाळवलेली, हाताने मोडली तर कट्‌कन आवाज करणारी ज्वारीची भाकरी; ती आमच्याकडे दुकानात पाकिटातून मिळते आणि कोरडी राहिली तर बरेच दिवस टिकते. दोघांना दोन भाकऱ्या. हाताने मोडून तळहाताच्या निम्म्या आकाराचे तुकडे करायचे. फार बारीक मोडले तर वरचा भार पेलत नाहीत. आदल्या दिवशीची मटकीची उसळ (उरलेल्या मटकीची सोय ती हीच) रस आटवून अगदी घट्ट करायची. लोखंडी तव्यावर तुकडे एकावर एक न येतील असे मांडायचे, प्रत्येकावर चमचाभर गरम उसळ, त्यावर चीजचा एकच क्यूब किसून सगळीकडे, आणि मंद आचेवर दोन मिनिटे झाकण. झाकण काढले की तवा गॅसवरून खाली घेऊन मग बाकीचे : मीठ-साखर घालून फेटलेले अर्धी वाटी घट्ट दही, बारीक कांदा, सोलापुरी शेंगदाण्याची चटणी, कोथिंबीर, शेवटी लिंबू. दही आधी घातले आणि झाकण ठेवले तर ते फुटते आणि भाकरी लोळागोळा होते. म्हणून क्रम महत्त्वाचा. आणि हा क्रम कृतीत लिहिलेला असावा, फोटोवरून ओळखायला लावू नये. सौ. म्हणतात की चीज नसले तरी चालेल. मी म्हणतो असू दे, एका क्यूबने काही दिवाळे निघत नाही. कोलेस्टेरॉलच्या गोळ्या तशाही चालू आहेतच.

आणि वाढताना दोन ताटल्या करू नयेत. तवाच मधे लाकडी पाटावर ठेवावा. एका तव्यातून खाताना कुरकुरीत कोपऱ्यांवरून जी ओढाताण होते ती मॅचच्या दिवशी हवीच.

आता गेल्या वर्षीच्या एका दिवसाबद्दल. २ नोव्हेंबर २०२५, रविवार, महिला विश्वचषकाची अंतिम लढत, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर भारत विरुद्ध दक्षिण आफ्रिका. सांगलीकराला या मॅचचे जरा जास्तच अगत्य, कारण स्मृती मानधना लहानाची मोठी झाली ती आमच्या शेजारच्या माधवनगरात. सौ.ची वही सकाळपासून टीपॉयवर. मात्र आमच्याकडे भागवत एकादशी पाळतात आणि कार्तिकी एकादशी नेमकी त्याच दिवशी. मिसळ नाही, भडंग नाही, भाकरी नाही. ‘सहा ते आठ जणांसाठी’ची कुठलीच कृती त्या दिवशी कामाची नव्हती, म्हणून मी उपवासाची मिसळ करायची ठरवली. साबुदाण्याची खिचडी, त्यावर बटाट्याची सुकी भाजी, त्यावर शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचा चिवडा, काकडी आणि दही. थरावर थर हवा असेल तर याच्याइतका भरगच्च पदार्थ मला दुसरा ठाऊक नाही.

माप सांगतो. साबुदाणा पाऊण वाटी, दोनदा धुऊन, वर जेमतेम येईल एवढ्याच पाण्यात चार-पाच तास. दाण्याचे कूट खिचडीला अर्धी वाटी. आमटीला भाजून सोललेले दाणे अर्धी वाटी, दोन हिरव्या मिरच्या, थोडे जिरे घालून मिक्सरच्या छोट्या भांड्यात पाण्याबरोबर अगदी गंधासारखे वाटायचे. भरड राहिले तर आमटी फाटल्यासारखी दिसते. तुपाची आणि जिऱ्याची फोडणी, तीन वाट्या पाणी, तीन आमसुले, सुपारीएवढा गूळ. आमटी ठेवली की दाट होते, म्हणून वाढताना अर्धी वाटी गरम पाणी हाताशी ठेवावे. दोन बटाटे भाजीला. चिवडा विकतचा, शंभर ग्रॅमचा पुडा.

मॅच तीनची होती. माझा हिशेब असा, की साडेसहाच्या सुमारास पहिला डाव संपेल, मध्यंतरात मिसळ. पण तिकडे पाऊस लागला आणि खेळ सुरू व्हायला पाच वाजले. एकही षटक कमी झाले नाही, म्हणजे सगळेच दोन तास पुढे सरकले. इथेच मला सांगायचे आहे ते दिसले. साबुदाणा भिजलेला होता, तो डब्यात झाकून ठेवला. बटाट्याची भाजी झालेली होती, आमटी झालेली होती. दोन्हींचे काहीच बिघडत नव्हते. खिचडी मात्र केलेली नव्हती. केलेली खिचडी दोन तास ठेवली असती तर ढेकूळ झाली असती. दोघांपुरती खिचडी सहा-सात मिनिटांत होते, म्हणून ती मध्यंतरासाठी मागे ठेवली होती. आठ जणांची असती तर अर्धा तास परतत बसावे लागले असते, आणि मध्यंतर तेवढाच.

तिकडे स्मृती आणि शफाली वर्माने १०४ धावांची सलामी दिली. स्मृती ४५ वर गेली तेव्हा सौ.नी वहीत फुली मारली आणि पेन खाली ठेवले. पुढचे दोन चेंडू मी लिहिले, ते त्यांना अजून मान्य नाहीत. शफालीच्या ८७, दीप्ती शर्माच्या ५८, भारत ७ बाद २९८. मध्यंतर होताच मी कढई चढवली. तूप, जिरे, मिरची, मग कूट आणि मीठ-साखर आधीच चोळून ठेवलेला साबुदाणा. दाणा पारदर्शक दिसायला लागला की एक वाफ आणि गॅस बंद. खोलगट ताटल्यांत खिचडी, भाजी, वरून आमटी, मग काकडी, दही, आणि अगदी शेवटी चिवडा, कारण तो आमटीत बुडला की संपला. दक्षिण आफ्रिकेच्या पहिल्या षटकाला दोघेही टीव्हीसमोर होतो.

पुढचे सगळ्यांना माहीत आहे. लॉरा वोल्व्हार्टने शतक केले, अमनजोत कौरने तिचा झेल दोन-तीनदा निसटता निसटता धरला. त्या चेंडूच्या चौकटीत सौ.नी ‘अमनजोत’ एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिले आहे की शेजारची चौकट भरली. दीप्तीने पाच बळी घेतले, आपण ५२ धावांनी जिंकलो, मध्यरात्र झाली. आमच्या गल्लीत फटाके वाजले. सौ.नी देवापुढे साखर ठेवली आणि मला राजगिऱ्याचा लाडू दिला. उपवास सकाळी सुटणार होता.

त्या दिवशी बाहेरून मागवायचे म्हटले असते तर काय मागवले असते? आणि मागवण्याबद्दल लिहिणाऱ्या गृहस्थांना एक विचारतो. मोठ्या मॅचच्या रात्री सगळे गाव एकाच वेळी मागवते. पोरगा बिचारा जीव मुठीत धरून गाडी हाकतो, तरी डबा उघडेपर्यंत खालची पोळी ओली आणि वरचे चीज गार झालेले असते. थर रचलेल्या पदार्थाला रचल्यापासून खाण्यापर्यंत पाच मिनिटांचे आयुष्य असते. ते रस्त्यात संपते. वरणभात मागवा, बिर्याणी मागवा, माझी ना नाही. पण कुरकुरीतावर ओले घातलेला कुठलाही जिन्नस घरीच करावा लागतो, मग घरात माणसे दोन असोत की दहा.

खर्चाचा हिशेब मी मुद्दाम लिहीत नाही. दिवाणजी म्हटल्यावर लोकांना तेच अपेक्षित असते.

तर संपादक महोदय, शंभर नव्या पाककृती नकोत. ज्या छापता त्यांच्याच शेजारी एक छोटी चौकट द्या : दोघांसाठी किती, भांडे केवढे, आणि मॅचच्या आधी काय करून ठेवता येईल. तेल आणि पाणी वाट्या-चमच्यांत लिहा. ‘एक पाकीट’ असेल तर किती ग्रॅमचे ते लिहा, कारण पाकिटे दर दिवाळीला हलकी होत जातात. उपवासाची एखादी कृतीही असू द्या, क्रिकेटचे वेळापत्रक करणारे पंचांग बघत नाहीत. आणि चीज घातलेल्या बटाट्याच्या फोडी पुन्हा छापणार असाल तर ‘चार मोठे बटाटे’ असे कृपया छापू नका. आमच्या शनिवारच्या बाजारात किलोला चार बटाटेही बसतात आणि बाराही.

आपला,
एक जुना वाचक, सांगली